खाजणातले सारस

आषाढातल्या एका सकाळी मी स्टोव्हवर सुया उकळायला ठेवल्या होत्या. तेवढ्यात खाजणापलीकडच्या वाडीतल्या तिघीजणी उपकेंद्राच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणाच्या कडेवर पोर नव्हतं, कुणाला ताप नव्हता. तिघी नुसत्याच उभ्या.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग थोरली म्हणाली, "बाय, खाजणात कायतरी वरडतंय. दोन दिस झाले. पोरं शाळंत जायला तयार नायत."

"कोल्हा असेल."

"कोल्हा आमाला ठावा नाय काय? ह्ये निराळंच हाय. एक वरडलं की लगेच दुसरं. जसा काय कोण कर्णा फुकतंय."

मी स्टोव्ह बंद केला आणि मागच्या परसात गेले. पाऊस थांबला होता. खाडीवर धुकं होतं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मी परत फिरणार इतक्यात तो आवाज आला, लांब, खणखणीत, छातीत शिरणारा. एक मोठी साद, आणि तिच्यावर लगोलग दोन आखूड. पुन्हा एक, पुन्हा दोन. त्या बायकांना आवाज अनोळखी होता म्हणून त्या घाबरल्या होत्या. मी घाबरले ती ओळखीचा होता म्हणून.

मी मूळची भंडारा जिल्ह्यातली. ऐंशी सालानंतर दोन-तीन वर्षांनी नर्सची नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली थेट रत्नागिरीच्या एका खाडीकाठच्या गावात. वय तेवीस. समुद्र तोवर पाहिलेला नव्हता. मासळीचा वास, जांभ्याची लाल घरं, पायाखालून सरकणारी भरती-ओहोटी, सगळ्याचीच आधी धास्ती वाटायची. मग हळूहळू सवय झाली. फक्त त्या बांधाची झाली नाही.

खाडीच्या कडेची ती चिखलाची जमीन, म्हणजे खाजण. खाऱ्या पाण्याला अडवायला पूर्वजांनी माती-दगडाचा मैलभर लांब बांध घातलेला. बांधाच्या आत पावसाच्या गोड्या पाण्यावर भात व्हायचं, बाहेर कांदळाची झाडी आणि खाडी. मधोमध एक लाकडी दार होतं, ओहोटीला उघडणारं आणि भरतीला मिटणारं. त्याला उघाडी म्हणत. माझ्याकडे ज्या वाड्या होत्या त्यातली एक खाजणाच्या पलीकडे. तिथे जायचं तर बांधावरून अर्धा तास, नाहीतर सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, वळसा घालून तीन तास. बांध इतका अरुंद की दोन माणसांना एकामागून एकच चालावं लागायचं. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना पाणी, आणि पायाखालची माती साबणासारखी.

आणि आता त्या बांधाजवळ सारसांची जोडी येऊन उतरली होती.

नऊ वर्षांची असताना मी आमच्या शेतातल्या सारसाच्या घरट्यातली अंडी बघायला गेले होते. कुणाला न सांगता, हातात एक काडी घेऊन. पाण्यात गवताचा मोठा ढीग, त्यावर दोन फिकट अंडी, इतकंच मला दिसलं. मग पाठीमागून पंखांचा वारा आला आणि मी तोंडावर चिखलात पडले. चोच कानाच्या खाली बसली. वर पाहिलं तर त्या पक्ष्याचं डोकं आभाळात होतं, लालभडक, आणि तो मान खाली आणत होता. बाबा ओरडत, घोंगडी फिरवत धावत आले म्हणून वाचले. त्यांनी मला उचलून घरी नेलं. जखम धुताना म्हणाले, "ते त्याइचं घर आहे. तू त्याइच्या घरात गेलीस." पक्ष्यावर ते रागावले नाहीत, माझ्यावर रागावले. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून ती जोडी, किंवा तिची पोरंबाळं, आमच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, अंडी घालत होती. त्या कोपऱ्यात आम्ही भातकापणीला शेवटी जायचो.

हे सगळं मी त्या तिघींना सांगितलं नाही. म्हटलं, "मोठे पक्षी आहेत. सारस. आमच्याकडे असतात. लांबून जा, काही करत नाहीत."

"आणि जवळून?" धाकटीने विचारलं.

मी सुया मोजायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मला वाडीत जायचंच होतं. तिथल्या एका घरातली सून पहिलटकरीण होती, नवरा मुंबईला, घरात फक्त सासरा. त्यांना सगळी वाडी आबा म्हणायची. साठीच्या पुढचे, काटक, कमी बोलणारे. खाजणातली बांधालगतची सगळ्यात चांगली जमीन त्यांची. त्यांच्याकडे परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ठासायची, घोड्याखाली ठिणगी पाडणारी छोटी केप बसवायची, मग बार. शेतात डुक्कर घुसलं तर वापरायची.

मी अर्धा बांध ओलांडला आणि मला ते दिसले. आबांच्या शेतात, बांधापासून पंचवीस-तीस पावलांवर. राखाडी अंग, उंच तांबूस पाय, आणि डोक्यापासून अर्ध्या मानेपर्यंत पीस नसलेली लाल कातडी. नर माझ्या खांद्याच्याही वर भरला असता. मादी थोडी लहान. दोघं भाताची रोपं मुळासकट उपटून एका जागी टाकत होती. ढिगाभोवती पाण्याचं मोकळं कडं तयार झालं होतं. ते घरटं बांधत होते.

नराने काम थांबवलं आणि मान उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी बाबांनी शिकवलेलं सगळं आठवून केलं. धावायचं नाही. थांबायचं नाही. त्याच्याकडे रोखून बघायचं नाही. छत्री उघडून त्याच्या बाजूला धरायची म्हणजे आपण मोठे दिसतो. शंभर पावलं पुढे गेल्यावर मी वळून पाहिलं, तो अजून माझ्याकडेच बघत होता.

आबा पडवीत बंदूक पुसत बसले होते.

"बघितलीस?" ते म्हणाले. "परवाच लावणी झाली. हाताहातभर रोपं उपटून टाकलीन. आज संध्याकाळी दोघांची वाट लावतो."

"आबा, नका हो."

"का नको? जमीन माझी, रोपं माझी."

मग मी बोलत सुटले. माझ्याच आवाजाचं मला नवल वाटत होतं. ही जोडी जन्मभर एकमेकांना सोडत नाही, एक मेला तर दुसरा दिवसेंदिवस तिथेच ओरडत फिरतो. दोघं आळीपाळीने महिनाभर अंडी उबवतात. पुष्कळदा दोन अंडी, पण त्यातलं एखादंच पिल्लू जगतं. आमच्याकडे शेतात सारस आले तर लोक पुण्य समजतात. रोपं जातात ती एका कोपऱ्यातली, बाकीच्या शेतातले किडे, बेडूक, खेकडे तेच खातात. इथे हे पक्षी मी कधी पाहिले नाहीत, ऐकलेही नाहीत. कुठून वाट चुकून आले असतील देव जाणे. आले आहेत तर राहू द्या.

आबांनी बंदूक मांडीवर आडवी ठेवली. "तुला त्यांचा येवढा लळा, तर बांधावरून येताना चेहरा पांढरा का पडलेला?"

मी खरं ते सांगितलं. कानाखालचा व्रणही दाखवला.

आबांनी वाकून तो व्रण पाहिला. मग उठून त्यांनी बंदूक आत खुंटीला टांगली. "एक महिना," ते म्हणाले. "पोरांवर धावून गेला तर मग मी ऐकणार नाय."

त्यानंतरचे दिवस मला चांगले आठवतात, कारण ते सगळे भीतीत मोजलेले आहेत. सुनेच्या पायावर सूज दिसायला लागली होती. रक्तदाब दर आठवड्याला थोडा वर. परीक्षानळीत लघवी तापवली तर दुधासारखी गढूळ व्हायची. हे सगळं मिळून काय होऊ शकतं हे मला पुस्तकातून माहीत होतं, आणि प्रशिक्षणात एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. झटके येत होते त्या बाईला. आम्ही चौघी तिचे हात धरून होतो. ती वाचली नव्हती. त्यामुळे मी आबांना बजावून सांगितलं होतं की बाळंतपण घरी करायचं नाही, दिवस भरायच्या आठवडाभर आधी तिला होडीने रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. ते कबूल झाले होते. पण तोवर तिला तपासायला मला दर दोन दिवसांनी तो बांध ओलांडावा लागत होता.

अंडी घातल्यावर नर बदलला. आता तो मी दिसताच घरट्यापासून पुढे यायचा, पंख अर्धे उघडून, मान खाली घालून, घशातून खर्रर्र असा आवाज काढत. पोरांनी सड्यावरची लांबची वाट धरली. मोठी माणसं जमाव करून जायची. मी एकटीच असायची. रोज रात्री झोपताना मनात पुढच्या खेपेचा बांध यायचा.

आबा मात्र दिवसभर बांधाच्या टोकाला इरलं घेऊन बसायला लागले होते. बंदूक शेजारी. कोल्हे अंड्यांवर टपलेत म्हणाले. मला भेटले की तुटक तुटक सांगायचे.

"आज दुपारी बाईमाणूस उठली, बापय बसला."

"अंडी चोचीनं फिरवतायत. चारी बाजूंनी ऊब लागाया हवी असंल."

"पाणी चढलं काल. तर दोघांनी गवत आणून आणून घरटं वर उचललंन. वीतभर. मी मोजलं."

त्यांच्या बोलण्यात आता राग नव्हता. पण बंदूक शेजारी होती, आणि महिना संपत आला होता. दोन्ही गोष्टी माझ्या ध्यानात होत्या.

नारळी पौर्णिमेला सकाळपासून वारा सुटला. पौर्णिमेचं उधाण दुपारी बारा-साडेबाराला लागतं हे एव्हाना मला कळत होतं. साडेदहाच्या सुमाराला आबा उपकेंद्राच्या दारात आले, नखशिखान्त भिजलेले. बंदूक खांद्याला होती. पहाटेपासून ते बांधाच्या टोकाला बसले होते, शेजारणीने तिथूनच त्यांना माझ्याकडे धाडलं होतं.

"सुनंचं पाणी गेलं. कळा येतायत. डोकं दुखतंय म्हणते. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते."

डोळ्यांपुढे अंधारी. मला त्या बाईचे हात आठवले.

"होडी?" मी विचारलं.

"ह्या वाऱ्यात कोण काढील? मी विचारून आलो."

"सड्यावरून?"

"वहाळ भरून चाललाय. माणूस टिकायचं नाय."

मग राहिला बांध. मी पिशवीत औषधं, कात्री, रबरी हातमोजे, रक्तदाबाचं यंत्र कोंबलं, वरून प्लास्टिक गुंडाळलं आणि निघाले. आबा पुढे, मी मागे.

बांधावर पोचलो तेव्हा खाडी बांधाच्या काठापासून वीतभर खाली होती. भरतीला अजून दीड-दोन तास बाकी. लाट आली की पाणी पावलांवरून आतल्या बाजूला जायचं. छत्री केव्हाच उलटी झाली. आबा मागे न बघता म्हणायचे, "पाय दाबून टाक. वर बघू नको." अर्ध्यावर गेलो असू, इतक्यात पाठीमागे मोठ्या झाडाची फांदी मोडावी तसा आवाज झाला. वळून बघितलं. आम्ही आत्ताच ज्यावरून आलो होतो त्या बांधाचा एक तुकडा तिथे नव्हता. खाडीचं मातकट पाणी धो धो आत शेतात घुसत होतं आणि दोन्ही कडांची माती ढासळून ते तोंड रुंद होत होतं.

"खांड पडली," आबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. वर्षाचं भात गेलं हे त्यांना त्याच क्षणी कळलं असणार. "चल. आता मागं वाट नाय."

पुढेही नव्हती. आतल्या शेतात पाणी बघता बघता चढत होतं. घरट्यावर मादी उभी होती आणि वेड्यासारखी चोचीला येईल ते रोप, गवत ओढून पायाखाली टाकत होती. पण पाणी तिच्याहून वेगाने वाढत होतं. आणि नर बांधावर आला होता. आमच्यापुढे दहा पावलांवर, बांधाच्या बरोबर मधोमध. कोरडी म्हणावी अशी तेवढीच जागा उरली होती. त्याने पंख पूर्ण उघडले तेव्हा बांधाची रुंदी कमी पडली.

आबा थांबले. मी त्यांच्या पाठीला धडकले.

तो धावून आला. पंखांचा फटकारा आबांच्या इरल्यावर बसला आणि इरलं उडून खाडीत गेलं. मी ती उलटी छत्रीच पुढे केली, चोच कापडातून आरपार आली आणि छत्री माझ्या हातातून गेली. तो मागे सरला, पुन्हा मान खाली घातली. तो घसा, ती लाल कातडी, तो नारिंगी डोळा. मी नऊ वर्षांची झाले.

"मारा त्याला!" मी ओरडले. "आबा, गोळी घाला! मारा!"

हे मी ओरडले. महिनाभर ज्यांच्यासाठी मी आर्जवं केली, वाडीतल्या पोरांना चार गोष्टी शिकवल्या, तीच मी. एकदा नाही, तीनदा-चारदा ओरडले.

आबांनी बंदूक खांद्याला लावली. इतक्या जवळून चुकण्याचा प्रश्न नव्हता. पाऊस त्यांच्या पापण्यांवरून गळत होता. मी डोळे मिटले आणि कान दाबले. काही झालं नाही. डोळे उघडले तर बंदूक खाली होती.

"केप भिजली," ते म्हणाले. "उतर खाली. खाडीच्या अंगानं."

"खाडीत?"

"दगडी पिचिंग हाय. कांदळं हायत. माझ्या मागनं ये. बंदुकीचा दस्ता धर, सोडू नको."

त्यांनी माझी पिशवी डोक्यावर घेतली आणि बांधाच्या बाहेरच्या बाजूने पाण्यात उतरले. मीही उतरले. पाणी छातीपर्यंत, लाट आली की हनुवटीच्या वर. मला पोहता येत नव्हतं. पायाखाली पिचिंगचे, बांधाला टेकून रचलेले, शेवाळलेले दगड, एका हातात पाण्याच्या वर धरलेला बंदुकीचा दस्ता, दुसऱ्या हाताने कांदळाच्या फांद्या. डोक्याच्या वर बांधावरून तो पक्षी आमच्याबरोबर चालत होता, एक एक पाऊल, मान आमच्याकडे वळवून. लाट माझ्या तोंडावर यायची आणि ती गेली की पुन्हा तो दिसायचा. तीस-चाळीस पावलांचंच अंतर असेल. घरट्याच्या पलीकडे गेलो तसा तो थांबला, वळला आणि मादीकडे गेला. आम्ही पुन्हा बांधावर चढलो. मी गुडघ्यांवर बसले आणि खारं पाणी ओकले.

"ऊठ गो बाय," आबा म्हणाले. "तिकडं पोर वाट बघतेय."

घरात शेजारची सुईण होती, तिने चूल पेटवून पाणी ठेवलं होतं. सुनेचा रक्तदाब मी दोनदा मोजला, कारण पहिल्यांदा जो आकडा दिसला त्यावर विश्वास ठेवायचं धाडस होईना. खोली अंधारी केली. कुणी मोठ्याने बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही, अशी सुईणीला ताकीद दिली. जरा धक्का बसला तर झटका येऊ शकतो. झोपेचं औषध होतं ते दिलं. मग फक्त तिचा चेहरा बघत बसायचं. ओठाचा कोपरा हलला, बोट आखडलं, की मी तिच्यावर वाकायची. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान होती. "बाई, मी मरणार काय?" तिने हळूच विचारलं. "नाही," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

दोनच्या सुमाराला डोकं दिसायला लागलं, आणि त्याच वेळी बाहेर बार झाला.

भिंती हादरल्या असं वाटलं. सून दचकली. मी तिचे खांदे धरले आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिले, एक, दोन, तीन, झटका येतो की नाही बघत. आला नाही. पण माझ्या मनात त्याच वेळी दुसरंही चाललं होतं. मारला. केप सुकवून गेले आणि मारला. आणि हे मीच सांगितलं होतं.

मुलीच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा होता. तो काढला, तरी ती रडेना. निळी पडलेली. पाठ चोळली, तोंडातलं ओढून काढलं, पाय धरून तळव्यांवर टिचक्या मारल्या. सुईण देवाचं नाव घ्यायला लागली. मग त्या पोरीने एक उचकीसारखा आवाज काढला, आणि पाठोपाठ टाहो फोडला. मी तशीच जमिनीवर बसले.

बाहेर आले तेव्हा आबा पडवीत होते. बंदुकीच्या नळीतून अजून दारूचा वास येत होता.

"मारलंत?" मी विचारलं.

"कोणाला?"

"बार झाला ना."

"भरलेली बंदूक घरात कशी ठेवू? पोर जल्माला येतंय. आकाशात सोडली." त्यांनी नळी भिंतीला टेकवली. "काय झालं?"

"मुलगी. दोघी बऱ्या आहेत."

त्यांनी डोळे मिटले आणि पडवीच्या खांबाला हात लावून उभे राहिले.

बार झाला म्हणजे केप भिजली नव्हती, हे मला तेव्हा सुचलं नाही. दोन दिवसांनी सुचलं. कदाचित घरी येऊन त्यांनी कोरडी केप बसवली असेल. मी विचारलं नाही.

संध्याकाळी वारा पडल्यावर होडी मिळाली आणि आईला, मुलीला रत्नागिरीला नेलं. आठ दिवसांनी दोघी परत आल्या.

खाजणाचं मात्र वाटोळं झालं. खारं पाणी आत शिरलं ते रोजच्या दोन्ही भरत्यांना आत-बाहेर करत राहिलं. चारच दिवसांत भात पिवळं पडलं, मग तांबडं. बेडूक मरून तरंगत होते. वाडीतली झाडून सगळी माणसं, मुंबईहून गणपतीला आलेलेसुद्धा, खांड बुजवायला लागली. कांदळाच्या मेढी ठोकायच्या, जांभ्याचे दगड टाकायचे, चिखलाच्या पाट्या ओतायच्या. आणि हे सगळं त्या नराच्या नजरेसमोर. कारण घरटं टिकलं होतं. एक अंडं वाहून गेलं होतं, पण दुसऱ्यावर मादी बसली होती. चिखलाची पाटी डोक्यावर घेतलेला माणूस दर फेरीला एकदा तिकडे बघून घ्यायचा. कुणी एक दगड उचलून मारला नाही. आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

वाडीत गोष्ट पसरली होती. नर्सबाईने भर उधाणात पक्षी वाचवला, आबांनी बंदूक रोखली होती पण बाई आड आली. हे कुणी सुरू केलं ठाऊक नाही. बायका माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायच्या, पोरं माझ्यासमोर सारसाच्या चालीने चालून दाखवायची. मी काही बोलले नाही. सुरुवातीला लाजेने, आणि नंतर उशीर झाला म्हणून.

गणपती विसर्जनाच्या आसपास पिल्लू बाहेर आलं. दालचिनीच्या रंगाचं, कोंबडीच्या पिल्लाहून थोडं मोठं, पाय अंगापेक्षा मोठे. दुसऱ्याच दिवशी ते आईमागून पाण्यात उतरलं. मग भीतीची नवी पाळी सुरू झाली. खाऱ्या चिखलात खायला फारसं नव्हतं. कोल्हे होते, वर घारी फिरत होत्या. दोघा मोठ्यांनी पिल्लाला सड्याच्या पायथ्याशी नेलं, जिथे झऱ्याचं गोडं पाणी होतं. तिथे मी एकदा बघितलं. डोक्यावर घारीची सावली आली, मादीने घशात अगदी हलका आवाज केला, आणि पिल्लू जागच्या जागी गवतात सपाट झालं. मी त्याच्याकडेच बघत होते तरी ते दिसेनासं झालं. घार गेली, बराच वेळ गेला. मला वाटलं मेलं भीतीने. मग आईने दुसरा आवाज केला आणि ते उठून चालायला लागलं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी आबा आणि मी नव्या बांधावर बसलो होतो. शेतात काही नव्हतं, पांढरं मीठ फक्त. मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी तुम्हाला गोळी घालायला सांगितलं. वाडीत उलटंच बोलतात. मी सगळ्यांना खरं सांगणार आहे."

आबा तंबाखू मळत होते. "कदी सांगितलंस?"

"बांधावर. ओरडले मी. तीन-चारदा."

"उधाणात काय ऐकू येतं काय?" ते म्हणाले. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले, "मी पण घाबरलेलो. भ्यालेल्या माणसानं बंदूक चालवू नये, मागून आयुष्यभर तेच दिसतं." त्यांनी डुकराच्या शिकारीतली कुणा सोबत्याची गोष्ट अर्धी सांगितली आणि मध्येच थांबले.

मी वाडीत खरं सांगितलं ते फक्त सुनेला. ती पोरीला पाजत होती. म्हणाली, "मी असते तर मीपण तेच म्हटलं असतं बाई," आणि पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

मार्गशीर्षात एका सकाळी त्या तिघांनी बांधावरून उड्डाण केलं. आधी आठ दिवस पिल्लू नुसतं धावायचं, पंख उघडायचं आणि चिखलात बसायचं. त्या दिवशी ते उठलं. आईबाप पुढे, माना लांब ताठ, पाय मागे. पिल्लू खाली आणि मागे. खाडीच्या मध्यावर ते इतकं खाली आलं की पंखांची टोकं पाण्याला लागतात असं वाटलं. आबांनी माझा दंड धरला. बापाने एक साद दिली. पिल्लू वर आलं, पुन्हा खाली गेलं, पुन्हा वर. पलीकडच्या सड्यावर तीन ठिपके दिसले, मग तेही दिसेनासे झाले.

"पोचतील ना गो?" आबांनी विचारलं.

"पोचतील," मी म्हटलं.

वैशाखात माझी बदली झाली. पुढच्या आषाढात सुनेचं पत्र आलं. खाजणातलं मीठ पावसाने धुतलं जातंय, यंदा लावणी थोडी केली आहे, पोरगी चालायला लागली आहे, सासऱ्यांना बरं नसतं पण रोज बांधावर जाऊन बसतात. पक्षी आलेले नाहीत.